रॅम नवी, मीठ जुनं

गणपतीला मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेत हल्ली एखादी रॅमची पट्टी किंवा एसएसडीही असते. लॅमिंग्टन रोडवरून (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) घेतलेली, बिलासकट. मालवणजवळच्या देवबागमधल्या घरातला, होमस्टेचा हिशेब ठेवणारा कॉम्प्युटर संथ झालाय, तो भाच्याने दुरुस्त करायचा असतो. रात्रीची आरती आटोपते, कॅबिनेटचं झाकण निघतं, जुन्या पट्टीशेजारी नवी बसते. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही.

"मामा, ह्यो चालू होतो मा?"

"मे महिन्यात होतो," मामा सांगतात. आणि मग सगळ्यांचं एकमत होतं, की दुकानदारान फसवल्यान.

दुकानदाराला दोष देण्याआधी मामांचं उत्तर पुन्हा ऐकावं. मे महिन्यात चालू होता, म्हणजे जून ते ऑगस्ट तो बंद होता. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद, पर्यटक नाहीत, बुकिंग नाही, मग कॉम्प्युटर कशाला लावायचा? आणि तो बंद होता कुठे, तर पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेला दोघांचा संगम अशा वाळूच्या अरुंद पट्टीवर. इथे खारा वारा दोन्ही बाजूंनी येतो.

कॅबिनेटचे पंखे उन्हाळाभर ही हवा आत ओढतात आणि तिच्यातले मिठाचे बारीक कण धुळीबरोबर मदरबोर्डवर बसतात. कोरडं मीठ फारसं काही करत नाही. पण शुद्ध मीठसुद्धा सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर जेमतेम ३३ टक्क्यांवरच ओलं होतं. आषाढात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं, तेच इथे सर्किटवर होतं. चालू कॉम्प्युटर स्वतःच्या उष्णतेने आतून कोरडा राहतो. तीन महिने बंद पडलेल्या कॉम्प्युटरला ती सोय नाही.

तरीही जुनी रॅम मे महिन्यापर्यंत चालत होती. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क म्हणजे तांब्यावर निकेल आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. सोनं गंजत नाही, पण पातळ मुलाम्यात सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून खारट ओल तांब्यापर्यंत पोहोचते आणि हिरवट क्षार वर येतात. स्लॉटमधली स्प्रिंग मात्र ज्या बिंदूवर दाबून बसलेली असते, तिथे हवा शिरत नाही. आजूबाजूला क्षार साचला तरी तो बिंदू वर्षानुवर्षं शाबूत राहतो. कॅबिनेट उघडताना, नवी पट्टी दाबताना जुनी किंचित हलते, किंवा काढून पुन्हा घातली जाते. तो शाबूत बिंदू सरकतो आणि बाजूचा क्षार नेमका मध्ये येतो. नवा भाग निर्दोष, जुनाही कालपर्यंत निर्दोष; घोटाळा झाला तो हात लागल्यामुळे.

म्हणून बदल केल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला नाही, तर पहिली चाचणी एकच: नवा भाग काढून सगळं होतं तसं करायचं. सुरू झाला तर संशय नव्या भागावर किंवा त्याच्या जुळणीवर. नाही झाला तर काहीतरी हललंय. भर पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर मी आधी या दुसऱ्या शक्यतेकडे बघेन.

प्लग काढावा, बटण एकदा दाबून उरलेला भार उतरवावा आणि दोन्ही पट्ट्या बाहेर घ्याव्यात. दुरुस्तीवाल्यांचा आवडता उपाय खोडरबर. त्यावर नाकं मुरडणारे आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही, कारण रबर तो पातळ मुलामाही झिजवतो. पेन्सिलचं मऊ पांढरं रबर एखाद्या वेळी हलक्या हाताने चालतं. शाई खोडायचं खरखरीत निळं रबर कधीच नाही. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड बरं. स्लॉट मऊ ब्रशने साफ करावा, फुंकर मारू नये, तोंडातून ओलच जाते. मग एकच पट्टी, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये, खिटीचा 'टक्' आवाज येईपर्यंत. तरी डिस्प्ले नाही, तर दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट. कंटाळवाणं आहे, पण दोषी सापडतो तो असाच.

पट्टीच चुकीची असेल, हेही शक्य. डीडीआर-३ ला २४० पिना, डीडीआर-४ ला २८८, आणि खाच वेगळ्या जागी; त्यामुळे ती जोर लावल्याशिवाय बसतच नाही. जोर लावला असेल तर पुढचं बोलणं खुंटलं. अगदी नव्या डीडीआर-५ च्या कॉम्प्युटरवर उलट फसगत होते: रॅम बदलल्यावर पहिल्यांदा तो स्मृती जुळवून घेण्यात काही मिनिटं काळ्या पडद्यावर घालवतो, आणि आपण घाबरून मधेच बंद करतो.

ग्राफिक कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची वायर कार्डात लावलीय की जुन्या सवयीने मदरबोर्डात, ते पाहावं. स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देतो. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, वेगळी जोडणी लागते, सहा पिनांची ७५ आणि आठ पिनांची १५० वॉटची.

पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो, उदाहरणार्थ निसटलेला स्क्रू. काहीच हललं नाही, तर आधी भिंतीचं बटण, मग एसएमपीएसचं, मग मदरबोर्डातला २४ पिनांचा रुंद प्लग. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका असतो. तो कुतूहलानेसुद्धा हलवू नये. ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिली तर मोठा आवाज होतो आणि विषय संपतो. एसएमपीएस बिघडला तर अख्खा बदलावा, उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रार असेल तर ती हसण्यावारी नेऊ नये. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह अगदी थोडा, पण टीव्हीला एचडीएमआय वायर लावताना पोर्ट जाळायला तेवढा पुरतो. अर्थिंगचं काम वायरमनचं.

डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही, हा प्रकार सर्वांत सौम्य. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या बायोसच्या यादीत नवी रिकामी एसएसडी पहिली जाऊन बसलेली असते. क्रम बदलला की झालं. बायोसचा सीआर-२०३२ सेल उतरला असेल तर घड्याळ मागे जातं आणि सेटिंगही पुसली जातात. सेल स्वस्त आहे, बदलूनच टाकावा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला, म्हणूनही अनेकांनी कॅबिनेट उघडली. पण इंटेलचा आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल, तर रॅम कितीही वाढवा, तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सहसा बसत नाही. हे लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी पाहायचं.

एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर कॉम्प्युटर मालवणला किंवा कुडाळला न्यावा लागेल. नेण्याआधी जुनी डिस्क काढून घरीच ठेवावी. सर्किट गेलं तरी डिस्कवरची माहिती बहुतेक वेळा सुरक्षित असते, आणि यूएसबीच्या साध्या अ‍ॅडॉप्टरने ती दुसऱ्या लॅपटॉपवर वाचता येते. होमस्टेचा सगळा हिशेब त्यातच असतो. फक्त डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, आणि ते खातं बहुधा त्या भाच्याच्याच नावावर असतं.