‘नाही’ म्हणायची सोय

पॉडकास्टच्या मागच्या भागात बोलता बोलता मी एक वाक्य टाकलं होतं: “मी फक्त सांगते, घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.” नंतर एडिटिंग करताना तेच वाक्य हेडफोनवर ऐकलं आणि अवघडल्यासारखं झालं. कारण ते पूर्ण खरं नव्हतं.

पीएचडीच्या शेवटच्या वर्षी मी पहिल्यांदा दहा दिवसांच्या एका ध्यान शिबिराला गेले. तेव्हा माझी अवस्था वाईट होती. झोप नाही, थीसिस पुढे सरकत नाही, घरी फोन केला की रडू येणार म्हणून फोनही टाळायचे. शिबिराने मला खरोखर सावरलं. असं काही हाती लागलं की ते आपल्यापाशीच ठेवणं कठीण जातं, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. मीही सांगत सुटले. पोस्टडॉक म्हणून रुजू झाले तेव्हा मास्टर्सची एक मुलगी माझ्याबरोबर प्रोजेक्ट करत होती. आपल्याकडचीच, मला ताई म्हणायची. तिलाही सांगितलं. लिंक पाठवली, नंतर एकदा “बघितलंस का गं?” असंही विचारलं. ती गेली, परत आली, “छान होतं” म्हणाली. मी खूश.

वर्षभराने, तिचं पीएचडीचं पक्कं झाल्यावर, कॉफी पिताना ती म्हणाली, “ताई, खरं सांगू? मला जायचं नव्हतं. पण तेव्हा माझं रेकमेंडेशन लेटर तुमच्याकडे होतं ना.”

मी तिला एका शब्दाने दटावलं नव्हतं. लेटर आणि शिबिर यांचा संबंध माझ्या डोक्यातही नव्हता. तिच्या डोक्यात मात्र होता, आणि त्याची काळजी तिलाच करायची होती, मला नव्हती.

सांगणं कुठे संपतं आणि लादणं कुठे सुरू होतं, या प्रश्नाला आपण सहसा आवाजाच्या पट्टीने उत्तर देतो. गोड बोललं तर सांगणं, दरडावलं तर लादणं. तिच्या त्या एका वाक्याने माझी ही पट्टी मोडली. त्यानंतर मी पंडिता रमाबाईंची पत्रं पुन्हा काढली. रमाबाईंवर शाळेत एक धडा असतो, विधवांसाठी काम, विद्वत्ता वगैरे. पण या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभं राहिलेलं इतकं ठळक माणूस मला दुसरं माहीत नाही. आधी त्या ऐकणाऱ्या होत्या, दुसऱ्यांच्या घरात. नंतर सांगणाऱ्या झाल्या, स्वतःच्या घरात.

१८८३ साली पंचवीस वर्षांच्या रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या. नवरा आदल्या वर्षी कॉलऱ्याने गेला होता, आईवडील आणि भाऊ त्याआधीच. प्रवासखर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशातून केला. उतरल्या त्या वॉन्टेजला, अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात. तेव्हा हे गाव बर्कशरमध्ये होतं, आता ऑक्सफर्डशरमध्ये आहे. व्यवहार सरळ होता: भारतात कामाला जाणाऱ्या सिस्टर्सना रमाबाई मराठी शिकवणार, बदल्यात मठ त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय करणार. परदेशी शिकायला आलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. आपण याला असिस्टंटशिप म्हणतो.

त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वॉन्टेजला आल्यावर काही महिन्यांतच तिने विष घेऊन जीव दिला. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील या भीतीने तिला ग्रासलं होतं, असं सांगितलं जातं. जबरदस्ती झाल्याचं कुठे दिसत नाही. पण परक्या देशात, ज्यांच्या छपराखाली राहायचं आणि ज्यांच्या ताटात जेवायचं त्यांचाच धर्म आजूबाजूला सतत चालू असेल, तर भीतीला वेगळं कारण लागत नाही. यजमान कितीही प्रेमळ असोत, “मला नको” म्हणून ती बाहेर पडली असती तर जाणार कुठे होती?

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मनोरमेचाही झाला. (सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी पुढे इतकं भांडलेल्या बाईने दोन वर्षांच्या मुलीच्या वतीने ठरवून टाकलं, हे मला दर वेळी खटकतं. मग आठवतं की आपल्या सगळ्यांचे धर्म असेच ठरलेले आहेत.)

मठाला वाटलं असेल की झालं, पोचली. खरं भांडण तर त्यानंतर सुरू झालं. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा अशी की चर्चमध्ये आलीस, आता चर्चची शिकवण मुकाट स्वीकार. रमाबाई प्रत्येक मुद्द्यावर प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्य म्हणजे नेमकं काय? बायबलमध्ये हे कुठे आहे? क्रॉसवर लॅटिनच का, संस्कृत का नको? त्या शाकाहारीच राहिल्या, तर तो जेराल्डीनना जातीचा उरलेला अहंकार वाटला. दोन बिशपांनी मत दिलं की रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये, भारतात त्यांची किंमत कमी होईल. यावर रमाबाई उसळल्या. भारतातल्या पुरोहितांचं जोखड आत्ताच कुठे मानेवरून उतरलंय, तसलंच दुसरं चढवून घ्यायला मी तयार नाही, या आशयाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं.

मला विचार करायला लावतं ते हे की त्या एवढं बोलू शकल्या कशा. स्वभाव होताच. पण त्यांच्याकडे विकता येईल असं काहीतरी होतं: संस्कृत, मराठी, स्वतःचं नाव. १८८४ पासून त्या चेल्टनम लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथल्या प्रिन्सिपल डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना बंडखोरी म्हटलं नाही. ही बाई विचार करूनच कुठेतरी पोचेल, तिला वेळ द्या, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे रमाबाईंना दुसरं एक दार होतं. आनंदीबाई भगतना ते नव्हतं.

जेराल्डीनवर मला राग धरता येत नाही, हेही सांगते. त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं, आणि ज्या पत्रांत त्यांना इतकं खडसावलंय ती त्यांनीच जपून ठेवली, संकलित केली. १९७७ साली महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली म्हणून आज आपण वाचतोय.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत तीनेक वर्षं हिंडून रमाबाईंनी भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं आणि शाळेत धर्माबाबत तटस्थता राहील असंही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. विधवा मुलींना आपले सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळायची मोकळीक होती. शिकवण्यात बायबल नव्हतं. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर होते.

पण रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी दार लावून का करू? १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागार म्हणून अंग काढून घेतलं. पंचवीसच्या आसपास मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

कोण बरोबर होतं? मी कॉलेजात असताना रमाबाईंच्या बाजूने तावातावाने भांडले असते. आता इतकं सोपं वाटत नाही. उघडं दार म्हणजे जबरदस्ती नव्हे, हे खरंच. पण आत येणारी मुलगी कोण होती? केस कापलेली, सासरी आणि माहेरी नकोशी झालेली, तेरा-चौदा वर्षांची. तिचं जेवण, अंथरूण, पुस्तक, पहिल्यांदा मिळालेली माया, सगळं त्या एकाच बाईकडून येत होतं. तिथे बाईंनी ‘बोलावलं नाही’ याला फारसा अर्थ उरत नाही. मीही माझ्या विद्यार्थिनीला बोलावलं नव्हतं, नुसती लिंक पाठवली होती.

आणि तरीही टीकाकारांचं मला अजिबात पटत नाही, कारण मुलीला तिचं मत विचारायचं त्यांच्याही मनात आलं नाही. ती प्रार्थनेला बसली म्हणजे कुणीतरी तिला फूस लावली, आणि आता घरी न्यायची तीही न विचारता. तिला स्वतःला काही पटू शकतं, किंवा न पटूही शकतं, हे कुणी धरूनच चालत नाही. न पटलेल्याही होत्याच. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली, आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली.

हे जुनं भांडण आपल्या कायद्यात अजून चालू आहे. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. घटनातज्ज्ञ एच. एम. सिरवई यांनी यावर कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा की निवड करायला आधी काहीतरी कानावर पडावं लागतं, म्हणून प्रसार हा ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्याचाही भाग आहे. मला सिरवई जास्त पटतात. गप्प बसणं म्हणजे आदर, असं आपण इकडे परदेशात फार पटकन धरून चालतो. ऑफिसात धर्म नको, मित्रांत नको, मुलांसमोरही नको. मला त्या काळात कुणी शिबिराबद्दल सांगितलंच नसतं तर? सांगणारी एक शेजारीण होती. तिच्याकडे माझं काहीच अडकलेलं नव्हतं. तिला मी दोनदा “नको” म्हटलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या कचऱ्याचे डबे बाहेर काढत होतो.

रमाबाईंनी स्वतः पुढे हा पेच एका परीने सोडवला. बॉस्टनची दहा वर्षं संपल्यावर तटस्थतेची अट राहिली नाही, आणि केडगावची मुक्ती मिशन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. निदान दारावर पाटी होती. पण दुष्काळात तिथे आलेल्या शेकडो मुलींपुढे दुसरं दार होतं का, हा प्रश्न पाटीने मिटत नाही. त्या जगल्या, शिकल्या, हेही तितकंच खरं. मी या दोन गोष्टींची वजाबाकी करायचा प्रयत्न केला, जमली नाही.

माझ्या बाबतीत हिशोब सोपा आहे, कारण पणाला फक्त एक पत्र असतं. या वर्षी प्रोजेक्टच्या मुलांना मी शिबिराबद्दल चकार शब्द काढला नाही. लेटर्स डिसेंबरात गेली. फेब्रुवारीत त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “ताई, तुम्ही दर वर्षी दहा दिवस फोन बंद करून जाता तरी कुठे?” मग सांगितलं. पहाटे चारला उठणं, दहा दिवसांचं मौन, दुखणारे गुडघे, सगळं. तो म्हणाला, “बापरे, मला नाही जमणार.” आणि आम्ही जेवायला गेलो.