नाव आहे तोवर क्लास जिवंत

निघोजे-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या पुरवठादाराने सुट्या भागांच्या नोंदी ठेवायला रुबीत प्रोग्राम लिहिला आणि त्यात ‘पार्ट’ नावाचा क्लास केला, असे समजा. (नाव रोमनमध्येच द्यावे लागेल; रुबीत कॉन्स्टंटचे पहिले अक्षर कॅपिटल लागते आणि देवनागरीत तो भेदच नाही.) दिवसभरात तयार झालेले हजारो ‘पार्ट’ ऑब्जेक्ट काम संपताच गार्बेज कलेक्टर साफ करतो. क्लास मात्र जागचा हलत नाही.

कारण सरळ आहे. १९९५ साली युकिहिरो मात्सुमोतो यांनी खुल्या केलेल्या या भाषेत क्लासचे नाव हाही एक कॉन्स्टंटच. कलेक्टर ठरावीक मुळांपासून शोध घेत निघतो, जिथवर पोचता येते ते राखतो, उरलेली मेमरी मोकळी करतो. नावाचे कॉन्स्टंट या मुळांपासून नेहमीच सापडतात.

‘क्लास.न्यू’ने केलेला बिननावी क्लास साफ होऊ शकतो. पण वापरातला एक ऑब्जेक्ट किंवा उपक्लासही त्याला धरून ठेवतो.

खरी गंमत रुबीतल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये. डेव्हलपमेंट करताना कोड बदलला की त्याचा कोड-लोडर झाइटवर्क ‘रिमूव्ह_कॉन्स्ट’ने जुने नाव काढून टाकतो. तरीही कुठल्याशा कॅशमध्ये जुना ऑब्जेक्ट राहिला, तर त्याच्यासोबत अख्खा जुना क्लास अडकतो. अशा वेळी दोष कलेक्टरचा नसतो. आधी कॅश तपासावी.

पूर्वी रुबीतले सिम्बॉलही क्लाससारखेच एकदा तयार झाले की कायमचे राहत. प्रोग्राम चालू असताना बनलेले सिम्बॉल डिसेंबर २०१४ च्या रुबी २.२ पासून साफ होऊ लागले.