जुनी गाडी, नवा संसार

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या सकाळी गावातल्या गणपतीच्या देवळाबाहेर गाड्यांची रांग लागते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. या रांगेत कोऱ्या करकरीत गाड्यांच्या मध्येच एखादी पाच-सहा वर्षे वापरलेली गाडीही उभी असते. बंपरच्या कोपऱ्यावर जुना ओरखडा असतो, मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या मुलाने चिकटवलेले कार्टूनचे चित्र असते. पण भोवती उभ्या असलेल्या कुटुंबाचा आनंद बघावा. कोऱ्या गाडीवाल्यांपेक्षा तो तिळभरही कमी नसतो.

आपल्या मध्यमवर्गाचे गाडीशी नाते जुळले तेच मुळी बऱ्याच घरांत जुन्या गाडीपासून. फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या राज्यात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. एखाद्या डॉक्टरांनी जपून वापरलेली फियाट हाती लागणे म्हणजे भाग्य समजले जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत कितीतरी घरांची पहिली गाडी म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची मारुती होती. आता जुन्या गाड्यांचीही चकचकीत दालने झाली आहेत आणि मोबाइलवर शेकडो गाड्यांचे फोटो घरबसल्या दिसतात. निवड वाढली, तशी फसगतीची दारेही वाढली. त्यात घालायचा पैसा मात्र पूर्वीसारखाच घामाचा आहे. कुणी मुदत ठेव मोडलेली असते, कुणी भविष्यनिर्वाह निधीला हात घातलेला असतो. म्हणून हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करायला हवा.

आधी घर मोजा

गाडी घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा रंगाची होते आणि दुसरी मेव्हण्याच्या गाडीशी तुलनेची. खरी सुरुवात घर मोजण्यापासून व्हावी. समजा, नवरा-बायको दोघे नोकरी करणारे, दोन शाळकरी मुले आणि गुडघे दुखणारी आई, असे पाच जणांचे घर आहे. हाताशी चार लाख रुपये आहेत. या घराने वर्षाचे दिवस मांडून पाहावेत. स्टेशन, शाळा, मंडई, दवाखाना यांत साडेतीनशे दिवस जातात, आणि त्या दिवसांत गाडीत क्वचितच चार माणसे असतात. गणपतीला कोकणात, मे महिन्यात गावी आणि एक-दोन लग्ने असे पंधरा दिवस मात्र सगळे घर, बोचकी आणि परतताना फणसासकट निघते. आपल्यातले बरेच जण त्या पंधरा दिवसांसाठी मोठी गाडी घेतात आणि उरलेले साडेतीनशे दिवस गल्लीबोळात तिचे ओझे वाहतात. पंधरा दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने मिळते. रोजची गाडी मात्र रोजच्या मापाचीच हवी.

तरीही एकाच गाडीकडून दोन्ही कामे थोडीफार करून घेता येतात, आणि ते तिच्या बांधणीवर ठरते. उंच छपराच्या लहान गाड्या यात उजव्या पडतात. १९९९ मध्ये आपल्याकडे आलेल्या वॅगन आरने ही सवय लावली. त्यात आजीला वाकून खाली रुतावे लागत नाही, खुर्चीत बसावे तसे बसता येते. तिच्या २०१९ पासूनच्या बांधणीत डिकी ३४१ लिटरची आहे, आणि मागची सीट आडवी केली की मुलाची सायकलही आत जाते. होंडा जॅझच्या काही गाड्यांत मागच्या सीटची बैठक वर उचलता येते, त्यामुळे उभी वस्तू सीटच्या जागी राहते. डिझायर किंवा अमेझसारख्या गाड्यांची डिकी ऐसपैस, पण तीत उंच वस्तू जात नाही आणि बैठक खाली असल्याने दुखऱ्या गुडघ्यांना चढउतार जड जाते.

सात जणांच्या गाड्यांचा मोह मोठा असतो. २०१२ मध्ये आलेल्या अर्टिगाच्या २०१८ पासूनच्या बांधणीत तिसरी रांग उभी असताना मागे सुमारे २०९ लिटर जागा उरते. म्हणजे सात माणसे बसतील, पण सातांचे सामान मावणार नाही. २०१९ च्या ट्रायबरमध्ये तिसऱ्या रांगेच्या सीटा काढून घरी ठेवता येतात, ही सोय आपल्या पाच जणांच्या घराला खरोखर उपयोगी आहे. आठवडाभर माल आणि रविवारी माणसे वाहणाऱ्या दुकानदाराला ओम्नीची धाकटी बहीण ईको परवडते. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या ईकोची चाचणी घेतली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नव्हता. याच संस्थेच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी वॅगन आरला २०१९ मध्ये दोन तारे मिळाले, तर ट्रायबर आणि जॅझ यांना पुढे चार-चार. सर्वगुणसंपन्न स्थळ लग्नाच्या बाजारात नसते, तसे गाड्यांच्या बाजारातही नसते. कोणता उणेपणा चालेल, हे आपण आधी ठरवायचे.

किती वर्षांची घ्यावी?

विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना वयानुसार घट मोजतात. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. बाजारभाव अगदी या तक्त्याबरहुकूम चालत नाही, पण दिशा कळते. पाच वर्षांची गाडी घेतली तर निम्म्याच्या आसपास घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यातली दहा आपल्या वाट्याला येतात.

दुसरी खूणगाठ सुरक्षिततेची. २०१४ मध्ये आपल्याकडच्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांची एअरबॅगविना चाचणी झाली आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक होत गेले. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक आणि १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग, पट्टा लावण्याची आठवण देणारी सूचना व मागे घेतानाचे सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटपुढची एअरबॅग सगळ्या गाड्यांत १ जानेवारी २०२२ पासून आली. तेव्हा पाच-पंचवीस हजार वाचवण्यासाठी २०१७ ची गाडी घेण्याआधी त्या बाजूच्या सीटवर कोण बसणार आहे, ते आठवावे.

मागणाऱ्याचा भाव ऐकताना त्याच गाडीची आजची नवी किंमतही विचारावी. लहान गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा मात्र कधीकधी त्याआधीच्या किमतीचा हिशेब सांगतो.

इंधनाचे साधे गणित असे : महिन्याला सात-आठशे किलोमीटर होत असतील तर पेट्रोल बरे. डिझेलचे कौतुक लांब पल्ल्यावर. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीच्या धूरनळीतली काजळीची जाळी शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबते. सीएनजी घेताना टाकी डिकीचा किती घास घेते ते पाहावे, किटची नोंद आरसीवर आहे का आणि दर तीन वर्षांनी होणारी टाकीची दाब-चाचणी झाली आहे का, हे तपासावे.

पत्र्याखाली काय आहे?

गाडी भर उन्हात, कोरडी असताना बघावी. पाणी मारलेल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. एका दारापाशी बसून पूर्ण बाजूवर नजर टाकली की टचअपचा भाग वेगळा उठून दिसतो. टचअप असणे हा गुन्हा नाही, आपल्या रस्त्यांवर ओरखडा कुणाला चुकला आहे? पण बॉनेटखालच्या आडव्या पट्ट्या, दारांचे खांब आणि डिकीचा तळ येथे जोड किंवा वेल्डिंग दिसले तर गाडीने मोठा मार खाल्ला आहे असे समजून निघून यावे.

पाण्यात बुडालेली गाडी हा सगळ्यात मोठा धोका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळुणात पूर आला. अशा प्रत्येक पुरानंतर धुऊनपुसून, अत्तर मारून काही गाड्या दूरच्या शहरांत विकायला जातात. पायाखालचा गालिचा उचलून पाहावा, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवावे, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघावे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा, तो अर्ध्यावर मातकट असेल तर पाणी कुठवर आले होते ते कळते. तारांत एकदा पाणी शिरले की गाडी आज चालते आणि सहा महिन्यांनी रात्री घाटात बंद पडते.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. आकडा मागे नेता येतो. पण झिजलेले पेडलचे रबर, गुळगुळीत स्टिअरिंग आणि दबलेली चालकाची सीट खोटे बोलत नाहीत. अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२० ची आणि चाळीस हजार किलोमीटर चाललेली असे सांगत असतील, आणि चारही टायर गेल्या वर्षीचे असतील, तर आधीचे टायर कुठे झिजले हे विचारायला हरकत नाही.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. चालवून बघताना एकट्याने एक फेरी मारू नये. आईला, मुलांना घेऊन जावे, एसी लावून एखादा चढ चढावा. भरलेल्या गाडीचा पिकअप, क्लच आणि आईची चढउतार, तिन्हीची परीक्षा एकदम होते. आणि आपल्या ओळखीच्या, या व्यवहारात ज्याला दलाली मिळणार नाही अशा मेकॅनिकला हजार-पाचशे देऊन सोबत न्यावे. इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

कागदावर कुणाचे नाव?

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली गाडी एका एजंटाला दिली. पैसे रोख मिळाले, त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि विषय संपला असे समजून ते मोकळे झाले. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या न्यायालयाची नोटीस आली. त्या गाडीने एका मोटारसायकलस्वाराला उडवले होते आणि आरसीवर नाव अजून गुरुजींचेच होते. ज्याने आयुष्यात सिग्नल तोडला नाही, त्या माणसाच्या उतारवयात तारखांच्या फेऱ्या आल्या.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे अनेक हातांतून गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि भरपाईही त्याचीच, असा निकाल लागला. याची दुसरी बाजू घेणाऱ्यासाठी आहे. गाडी आपल्या दारात आहे पण नाव दुसऱ्याचे, तर नुकसान झाल्यावर विम्याचे पैसे कोण देणार?

म्हणून राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा. आधीच्या मालकाची 'नो क्लेम'ची सवलत गाडीबरोबर येत नाही, तेवढा हप्ता वाढतो. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली चलाने मोबाइलवर दिसतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. दालनातून घेत असाल तर आरटीओचे अधिकारपत्र मागावे. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत व्यावसायिकाकडे गाडी सोपवल्याची रीतसर नोंद झाली की तोवर मालकीची जबाबदारी त्याच्यावर येते. पैसे धनादेशाने किंवा बँकेतून द्यावेत आणि विसाराची पावती घ्यावी.

शेवटचा हिशेब

चार लाख हाताशी असतील तर गाडी साडेतीन लाखांपर्यंतच बघावी. उरलेले पन्नास हजार तिचेच आहेत. टायर, बॅटरी, ऑइल, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिल्या वर्षात निघणारे एखादे अनपेक्षित दुखणे, यांत ते जातात. सगळे पैसे किमतीत घालणारा माणूस पहिल्याच दुरुस्तीला कर्ज काढतो आणि मग गाडी अंगणात झाकून उभी राहते. स्वस्त गाडी घेताना कमी पैसे लागणे हे निम्मे काम आहे. घेतल्यावरही तिने घराला ओढाताण करायला लावू नये.

या सगळ्यात दोन-तीन रविवार जातील. चार गाड्या नापसंत होतील, मुले कंटाळतील, एजंट 'उद्या दुसरे गिऱ्हाईक येतेय' म्हणून घाई करील. जाऊ द्यावे. या बाजारात गाड्यांना तोटा नाही, आपल्या चार लाखांना मात्र दुसरी प्रत नाही.

आणि नारळ? तो जरूर फोडावा. फक्त घरी गाडी आली त्या संध्याकाळी घाई करू नये. आरसीवर आणि विम्यावर आपले नाव येईपर्यंत थांबावे. मग आईला पुढच्या सीटवर बसवावे, तिचा पट्टा आपल्या हाताने लावावा आणि देवळाकडे निघावे. त्या दिवशी ती गाडी खऱ्या अर्थाने घरची होते.