गरी टाका, पण तळं राखून

धानाची रोवणी आटोपली आणि हाताला थोडी उसंत मिळाली, की रामटेक, मौदा, पारशिवनीकडे सांजेला माणसं काठी घेऊन तळ्यावर जाऊन बसतात. हौस चांगली आहे. चार मासे मिळाले तर घरी कालवणही होतं. पण गरीला काय लावावं, कुठली लावावी आणि कुठला मासा सोडून द्यावा, हे सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. त्यासाठी हा लेख.

आमिष तुमच्याच खड्ड्यात

जिवंत आमिषात गांडूळ सर्वांत सोपं. टेंगरा, वाम, गावठी मांगूर हे तळाशी चरणारे मासे त्यावर लवकर येतात. मांगूर रात्रीचा मासा. अंधारात तो मिशांनी आणि वासाने भक्ष्य हुडकतो. गांडुळासाठी काहीजण तळ्याची पाळच खणतात. हे अजिबात करू नये. पाळीला पडलेलं एक भोक पावसाच्या जोरात मोठं होतं आणि मग सगळ्यांचंच पाणी जातं. गांडूळखताचा खड्डा घरी असेल, तर कडेचं मूठभर खत पुरे. ओल्या मातीत थोडं शेण मिसळून मडक्यात सावलीला ठेवलं, तर गांडूळ दोन-तीन दिवस सहज टिकतात.

बारीक तंगूस, लहान गरी

दोरी जाड आणि गरी मोठी असली, की मोठा मासा मिळतो असा समज आहे. स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात मासा जाड दोरी पाहून बुजतो. टेंगरा-वामसाठी पाव मिलिमीटरची तंगूस आणि लहान गरी वापरा. गांडूळ एका टोकाशी टोचावं आणि शेपूट मोकळं सोडावं. ते वळवळलं पाहिजे, मासा त्यावरच येतो.

अमेरिका-जपानकडे बास नावाच्या माशासाठी एक युक्ती वापरतात, ती आपल्या गाळाच्या तळ्यात फार कामाची आहे. शिसं दोरीच्या अगदी टोकाला बांधायचं आणि गरी त्याच्या वीतभर वर. शिसं गाळात बसतं, गांडूळ मात्र गाळाच्या वर हलत राहतं. दोरीला हलका ताण ठेवा, फार झटके देऊ नका.

टोक आत वळलेली गोल गरी मिळाली तर तीच घ्यावी. ती बहुधा माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकते, पोटात जात नाही. त्यामुळे लहान मासा जिवंत सोडता येतो. ही गरी लावल्यावर काठीला हिसका देऊ नये, दोरी सावकाश ओढावी.

मरळीसाठी मात्र बारीक तंगूस नको. मरळ वनस्पतीच्या गर्दीत राहते, दातांची आहे. दोरी तुटली तर ती गरी तोंडात घेऊन निघून जाते आणि झुरून मरते.

माझी एक चूक

नोकरीच्या सुरुवातीला मौदा तालुक्यातल्या एका तळ्यावर संध्याकाळी मी गरी टाकून बसलो होतो. पाण्यावर नारिंगी-लाल पिलांचा थवा बुडबुडत होता. त्याच्याजवळ गांडूळ सोडलं आणि लगेच मोठी मरळ लागली. मी खूश! शेजारी जाळं विणत बसलेले एक म्हातारे ढिवर काका म्हणाले, "साहेब, तुमी माय उचलली. आता तिचे पोट्टे कोन राखन?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचलं तेव्हा उमगलं. मरळ पावसाळ्यात झाडोरा बाजूला करून जागा साफ करते, तिची अंडी पाण्यावर तरंगतात, आणि नर-मादी दोघंही काही आठवडे पिलांची राखण करतात. अशा वेळी ती भुकेने नाही, तर राखणीसाठी समोर आलेल्या कशावरही झडप घालते. राखणदार गेला की बाकीचे मासे पिलांचा फडशा पाडतात. एका मरळीबरोबर आपण पुढच्या वर्षाच्या शेकडो मरळी मारतो. थवा दिसला की तिथून उठून दुसरीकडे बसावे.

आमिष म्हणून काय नको

मासे ठेक्याने दिलेल्या तळ्यातली बोटुकली आमिष म्हणून धरू नये. कतला, रोहू, मृगळ यांचं ते बीज मच्छीमार संस्थेने पैसे देऊन सोडलेलं असतं. उभ्या पिकातला लोंब्या खुडण्यासारखंच ते झालं.

बेडूक वापरू नका. तो धानातल्या किडी खातो, आणि मोठ्या बेडकाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षणही आहे.

सर्वांत महत्त्वाचं, एका तळ्यातले जिवंत लहान मासे दुसऱ्या तळ्यात नेऊ नका आणि उरलेले पाण्यात ओतू नका. चिलापी म्हणजे तिलापिया अशीच पसरते, आणि एकदा बसली की निघत नाही. विदेशी मांगूर तर आपल्या माशांना खाऊन टाकतो. त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून देशात बंदी आहे. उरलेलं आमिष कोंबड्यांना घाला.

तळं कुणाचं?

आपल्याकडचे कितीतरी तलाव माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव'. १९५१ साली मालगुजारी संपली, तरी तळ्यावर पोट असणारी माणसं तीच राहिली. ज्या तळ्याचा मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या संस्थेकडे आहे, तिथे आधी विचारूनच गरी टाकावी. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारीला मनाई आहे, तिथे जाऊच नये. आणि तुटलेली तंगूस काठावर टाकू नका, पाखरांच्या आणि ढोरांच्या पायात ती अडकते. गोळा करून घरी आणा.

एवढं पाळलं, तर सांजेला कालवणापुरते मासे मिळतील आणि पुढच्या पावसाळ्यात पाण्यावर तो नारिंगी थवा पुन्हा दिसेल. तेव्हा मात्र त्याच्याजवळ गरी टाकू नका.