जुन्या मोटारींतील पेडल-जोडणीची दुरुस्ती

ब्रेक किंवा क्लचचे पेडल आणि त्यामुळे चालणारी यंत्रणा यांना जोडणाऱ्या दांड्या, पिना व बुश यांना एकत्रितपणे पेडल-जोडणी म्हणतात. हे भाग झिजल्यास पेडलची मोकळी चाल, म्हणजे प्रत्यक्ष कार्य सुरू होण्यापूर्वी वाया जाणारी हालचाल, वाढते.

झीज व परिणाम

एमजीबी (१९६२–१९८०) या ब्रिटिश मोटारीत पेडल व मास्टर सिलिंडरचा पुशरॉड आडव्या पिनेने जोडलेले असतात. वारंवार पडणाऱ्या दाबामुळे पिनेला खाच पडते आणि पेडलमधील छिद्र लंबगोल होते. पेडल ही तरफ असल्याने हा सैलपणा पायाशी वाढून जाणवतो. तरफेचे गुणोत्तर ५:१ असल्यास पिनेजवळच्या १ मिमी सैलपणामुळे पायाशी ५ मिमी चाल वाया जाते. परिणामी ब्रेकचे पेडल अधिक खोल जाते. क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर टाकताना खरखर होते. पेडल हाताने हलवल्यावर पुशरॉड स्थिर राहत असेल, तर दोष मास्टर सिलिंडरपूर्वीच्या जोडणीत असतो.

दुरुस्ती

केवळ पिन बदलणे पुरेसे नसते, कारण लंबगोल छिद्रात नवी पिनही सैल राहते. छिद्र वेल्डिंगने भरून मूळ मापाचे पुन्हा पाडतात किंवा मोठे करून त्यात बुश बसवतात. त्यानंतर ग्रीस लावून नवी पिन घालतात व ती निसटू नये म्हणून नवी स्प्लिट पिन लावतात.

अल्प मोकळी चाल मात्र आवश्यक असते. ती पूर्णपणे नाहीशी केल्यास मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या मूळ जागी परतत नाही आणि ब्रेक लागलेले राहून तापतात.