वर्गातील अबोल मूल आणि स्वमग्नता

डहाणू व तलासरी तालुक्यांतील पहिलीच्या वर्गात जून महिन्यात काही मुले अबोल असावीत, यात नवल नाही. घरी वारली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठी परकी वाटते. परंतु या अनेक मौनांत एखादे मौन निराळ्या जातीचे असते, आणि 'भाषा येत नाही' या समजुतीखाली ते वर्षानुवर्षे दृष्टीआड राहते.

भाषेमुळे गप्प असलेले मूल घरी, रानात, गुरांमागे मोकळेपणी बोलते आणि हवी ती वस्तू बोटाने दाखविते. स्वमग्न मूल पुष्कळदा स्वतःच्या बोलीतही कमी बोलते, अथवा ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणते. हाकेला वळत नाही. एकाच वस्तूत तासन् तास रमते. काही स्वमग्न मुले मात्र अस्खलित बोलतात, हेही ध्यानात असावे. म्हणून शिक्षकाने प्रथम आईला विचारावे, 'हा घरी कसा बोलतो?' आणि तेही शक्यतो वारलीतून. ऐकू कमी येत असल्याचाही संभव असतो. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आढळलेल्या गोष्टी तारखांसह लिहून ठेवाव्यात व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवाव्यात.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून ती जन्मभर सोबत राहते. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर काही काळ आईच्या मायेच्या अभावास दोष दिला गेला. तो समज पुढे खोटा ठरला. लसीमुळे असे होते, हेही खरे नव्हे. पालक मुलास भगताकडे घेऊन गेले असतील, तर त्यांस हिणवू नये. हिणवलेला पालक पुन्हा शाळेत येत नाही.

पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की असे मूल कान झाकून वर्गाबाहेर धावते. हा खोडकरपणा नव्हे. तो आवाज त्याला खरोखरच असह्य होतो. त्यास शांत कोपरा द्यावा. परिपाठ, वाचन, खिचडी, खेळ अशी दिवसाची क्रमवार चित्रे भिंतीवर लावावीत आणि क्रम बदलणार असल्यास आधी सांगावे. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले, तर हा सारा क्रमच मोडतो. अशा वेळी चित्रांचा एक संच मुलाबरोबर द्यावा. शाळेने मुलाकडे जावे, ही कल्पना या भागास नवी नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली होती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अठराव्या वर्षानंतर, गरज असल्यास, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाची सोय आहे. तरीही पालकांची खरी चिंता असते ती आपल्या माघारी मुलाचे काय होईल, हीच. कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपीतील आपल्या लहानशा गावीच राहिला, तेथील बँकेत नोकरी केली, मोटार चालविण्यास शिकला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्याचे घराणे सधन होते, हे खरे. पण गावकऱ्यांनीही त्याला आपला मानले होते. एकाच क्रमाने चालणारे काम, उदाहरणार्थ घोलवडच्या चिकूची प्रतवारी, काही स्वमग्न तरुणांस उत्तम साधू शकते.

शिक्षकाची बदली झाल्यास त्याने मुलाची नोंदवही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी आणि मूल कशाने घाबरते व कशाने शांत होते, हे तोंडीही सांगावे.