ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर : दोन चाकांची ओढ की चार चाकांची?

गळीत हंगामाच्या प्रारंभी काळ्या जमिनीस पुष्कळदा वाफसा आलेला नसतो. अशातच अवकाळी पाऊस झाला, तर भरलेली ट्रॉली फडातच रुतून बसते आणि तोडलेल्या उसाचे वजन व उतारा दिवसागणिक घटू लागतो. अशा एखाद्या प्रसंगानंतर अनेक शेतकरी फोर-व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर घेण्याचा विचार करू लागतात. हा जादा खर्च करण्यापूर्वी ओढीचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

ट्रॅक्टरची ओढ केवळ अश्वशक्तीवर अवलंबून नसते. इंजिन जी चाके फिरविते त्यांवर किती वजन पडते आणि जमीन त्यांना किती पकड देते, यावर ती ठरते. समजा, टू-व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर २,००० किलो वजनाचा आहे आणि त्यापैकी १,३०० किलो भार मागील चाकांवर आहे. ओल्या रानात पकड भाराच्या ४० टक्के धरली, तर ५२० किलो ओढ मिळेल. तेवढ्याच शक्तीचा फोर-व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर २,२५० किलोचा असल्यास त्याचे सर्व वजन कामी येऊन ओढ ९०० किलोपर्यंत जाईल.

आता ट्रॉलीकडे पाहावे. उसासह १० टन वजनाची चारचाकी ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर ओढण्यास वजनाच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे ३०० किलो ओढ पुरते. तीच ट्रॉली मऊ रानात १२ टक्के, म्हणजे १,२०० किलो ओढ मागते. येथे दोन्ही ट्रॅक्टर हरतात. रानात भार कमी भरून एकूण वजन ६ टनांवर ठेवल्यास ७२० किलो ओढ लागेल. ती चार चाकांच्या ओढीस साधते, दोन चाकांच्या नाही. दोन चाकांच्या ट्रॅक्टरला अशा रानात ४ टनांवर थांबावे लागेल. उरलेला ऊस बांधावर आणून भरावा. हे आकडे ढोबळ आहेत. जमीन व टायर यांनुसार ते बदलतात, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कोरड्या, टणक रस्त्यावर पुढील चाकांची ओढ बंद ठेवावी. पुढील चाकांचा वेग मागील चाकांपेक्षा किंचित अधिक ठेवलेला असतो. मऊ जमिनीत हा फरक घसरणीत जिरतो. डांबरावर मात्र तो टायर झिजवितो व दंतचक्रांवर ताण आणतो. ज्यांचा बहुतेक प्रवास पक्क्या रस्त्यावरून कारखान्यापर्यंत आहे आणि फडही रस्त्यालगत आहेत, त्यांनी जादा किंमत मोजण्याचे कारण दिसत नाही. नदीकाठच्या भारी रानातून हंगामभर अनेकांचा ऊस काढणाऱ्या वाहतूकदाराची गोष्ट वेगळी. भातखाचरात चिखलणी करणाऱ्याचीही.

ट्रॅक्टर बदलण्याआधी स्वस्त उपाय करून पाहावेत. तोडणीपूर्वी १५ ते २० दिवस पाणी तोडावे. फडाच्या तोंडाशी मुरूम टाकून वाट करावी. एवढ्यानेच निम्मे काम होते, हे आमचे स्पष्ट मत आहे. मागील चाकांना वजने लावावीत अथवा ट्यूबमध्ये पाणी भरावे. डिफरन्शियल लॉक केवळ सरळ जाताना लावावे व वळण्यापूर्वी काढावे.

चाके किती घसरतात हे शेतकऱ्यास स्वतः मोजता येते. टायरवर खडूने खूण करावी. ट्रॉली न जोडता चाकाच्या १० फेऱ्यांत जेवढे अंतर कापले जाते, तेवढेच अंतर त्याच रानात भरलेल्या ट्रॉलीसह कापावे व फेऱ्या मोजाव्यात. १२ फेऱ्या लागल्या तर घसरण सुमारे १७ टक्के झाली. १० ते १५ टक्के घसरण चालते. २० टक्क्यांच्या वर डिझेल व टायर दोन्ही वाया जातात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट चालकांना प्रत्यक्ष दाखवावी. रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी कधीही मागील आसापेक्षा उंच जागी बांधू नये. ती खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. उंच बांधलेल्या साखळीस जोर बसताच पुढील चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. हे इतक्या थोड्या वेळात घडते की क्लच दाबण्यासही अवधी मिळत नाही. चार चाकांच्या ट्रॅक्टरचे पुढील अंग जड असले, तरी तोही या धोक्यातून सुटलेला नाही.